सोडलेला नंबर

गोदाकाठच्या कोपरगाव तालुक्यात एका साखर कारखान्याच्या ऊसयार्डात शरच्चंद्र निसळ नावाचे कारकून होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. काम काय, तर उसाची बैलगाडी आली की तिला नंबरची चिठ्ठी द्यायची, आणि पाळी आली की गाडीवानाच्या नावाने हाक मारून गाडी वजनकाट्याकडे सोडायची. एवढंच. पण हे एवढंच म्हणणाऱ्याने तेव्हाच्या यार्डात ऐन माघात तासभर उभं राहून दाखवावं. तीनशे गाड्या, सहाशे बैल, मळीचा वास नाकात बसलेला, आणि प्रत्येक गाडीवानाची खात्री की आपलाच नंबर मुद्दाम मागे टाकलाय. तिथे डोकं थंड ठेवणारा माणूस शंभरात एक निघायचा. भाऊसाहेब तो एक होते.

यार्डाच्या मधोमध कडुलिंबाचं झाड होतं. आता नाही. ट्रक वळायला जागा पाहिजे म्हणून तोडलं, आणि तोडणाऱ्यांना त्याच्याखाली काय काय झालं होतं ते कुठून ठाऊक असणार. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या हंगामात त्या लिंबाखाली आभाळातलं यान उतरायचं. मी थट्टा करत नाही. पाथर्डी भागातल्या जुन्या ऊसतोड्यांना विचारा, ते तुम्हाला त्या यानाच्या दाराचा आवाजसुद्धा काढून दाखवतील.

झालं होतं असं. भाऊसाहेब हंगामी कारकून, उन्हाळ्यात कारखाना बंद म्हणजे हेही रिकामे. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात ते मुलुंडला बहिणीकडे, दमयंतीकडे, दोन महिने राहिले. तिच्या शेजाऱ्यांनी टेलिव्हिजन घेतला होता. मुंबईत ते यंत्र येऊन वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे शनिवार संध्याकाळी शेजाऱ्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे, आणि घरमालकीणबाई चपला मोजून आत घेत. तिथे एक परदेशी कार्यक्रम लागायचा. एक यान, त्यात सात-आठ माणसं, आणि दर शनिवारी एक नवा तारा. इंग्रजी फाडफाड. भाऊसाहेब जुने मॅट्रिक, निम्मं कळायचं, निम्मं ते मनाने भरून काढायचे. असे त्यांनी नऊ शनिवार पाहिले.

त्या कार्यक्रमाची एक तऱ्हा होती. दर वेळी नवं संकट यायचं आणि पाऊण तासात निस्तरायचं. पुढच्या शनिवारी सगळे पुन्हा इस्त्रीच्या कपड्यांत हजर. मागच्या वेळी ज्याचा हात कोपरापर्यंत भाजला, त्याच्या हाताला या वेळी साधी चिंधी नाही. भाऊसाहेबांना हे खटकलं होतं, पण पाहुण्याने दुसऱ्याच्या यंत्राला नावं कशी ठेवायची, म्हणून ते गप्प बसले.

हंगाम सुरू झाला आणि एका दुपारी नंबरावरून दोन गाडीवानांची जुंपली. पार चाबकावर आलं. भाऊसाहेबांनी दोघांना लिंबाखाली बसवलं, आणि काहीतरी बोलायचं म्हणून पहिल्या शनिवारची गोष्ट सांगितली. पाणी दगडासारखं उभं राहतं असा तारा, तिथे तहानलेली माणसं. आदल्याच साली दुष्काळाने होरपळलेली भोवतीची मंडळी, पाण्याची गोष्ट म्हटल्यावर अशी गप्प झाली की बैलांच्या रवंथाचा आवाज ऐकू यायला लागला. दुसऱ्या दिवशी लोक आपणहून झाडाखाली आले.

रोज एक गोष्ट, आणि रोज पुरी. यार्डाला तेच सोयीचं होतं. आज आलेली टोळी परवा येणार, कुणाचा नंबर तासात लागणार, कुणाचा तीन तासांनी. अर्धी गोष्ट घेऊन कुणाला घरी धाडायचं कसं? भाऊसाहेब नेमके काट्याच्या अंदाजाने गोष्ट आवरायचे.

या ऐकणाऱ्यांत कानिफनाथ नावाचा गाडीवान असायचा. तिसगावकडचा, पन्नाशी उलटलेला, बोलण्याचा मोठा कंजूष. बरोबर बायको बनुबाई. ती मात्र उसाच्या मोळ्यांवर बसून यायची आणि अख्ख्या यार्डाची खबरबात घेऊन जायची. कानिफनाथ कधी खाली बसत नसे. बैलाच्या वशिंडावर हात ठेवून मागे उभा राही. त्याच्या गाडीला दोन कोयते अडकवलेले, आणि गोणपाटात गुंडाळलेलं तिसरं काहीतरी तळाच्या साटीला घट्ट बांधलेलं. भाऊसाहेबांनी ते पाहिलं होतं, विचारलं नव्हतं.

पाचवी का सहावी गोष्ट असेल. यान एका धुळीच्या ताऱ्यावर उतरतं, सगळ्यांत धाकटा गडी दार उघडून पहिला बाहेर पडतो आणि तिथेच मरतो. मग कप्तान बाकीच्यांना वाचवतो, यान उडतं, कप्तान शेवटी काहीतरी विनोद करतो, सगळे हसतात. भाऊसाहेबांनी तो विनोदही सांगितला. लिंबाखालचे हसले.

कानिफनाथ मागून म्हणाला, "भाऊसाहेब, त्या पोराच्या आईला कुनी कळवलं?"

भाऊसाहेब म्हणाले, "ते काही दाखवलं नाही, बाबा."

"दाखवलं न्हाई म्हंजी कळवलंच न्हाई का?"

"पुढच्या शनिवारी दुसरीच गोष्ट होती. त्याचं नावसुद्धा कुणी काढलं नाही."

"संगं जेवत हुते ना सारे? आन् नाव काढलं न्हाई?"

कुणीतरी म्हणालं, अरे म्हाताऱ्या, गोष्ट हाय ती. पुन्हा हशा झाला. कानिफनाथ काही हसला नाही. त्याचा नंबर आला, त्याने बैलांना हाळी दिली आणि निघून गेला. भाऊसाहेबांनी डबा उघडला, पण घास काही गोड लागेना. बायकोने, शोभाने, संध्याकाळी डबा पाहिला आणि विचारलं, भाजी बिघडली होती का? ते म्हणाले, भाजी बरी होती, गोष्ट बिघडली.

दोन दिवसांनी कानिफनाथची गाडी आली. भाऊसाहेबांनी झोपच न घेणाऱ्या माणसांच्या ताऱ्याची गोष्ट सुरू केली. दोन वाक्यं झाली असतील, त्यांनी पाहिलं तर कानिफनाथ पाठ फिरवून नुसता दोर आवळत उभा, आवळलेलाच दोर पुन्हा. भाऊसाहेब थांबले. मग म्हणाले, "नाही. ती गोष्ट नंतर. त्या दिवशी यान उडालं ना, ते थोडं पुढे जाऊन वळलं. कप्तान म्हणाला, आपला गडी गेलाय, आता दुसरे तारे पुरे. याच्या आईला सांगायला घरी जायचं."

कानिफनाथने दोर सोडला आणि तोंड इकडे केलं.

तिथून सगळं बदललं. हे टेलिव्हिजनमधलं काही नव्हतं, सगळं निसळ भाऊसाहेबांच्या पदरचं. यान वाटेत चुकायचं, इंधन संपायचं, ज्याचा हात भाजला तो हात नीट होत नसे आणि पट्टी रोज बदलावी लागे. आजचं उद्यावर, उद्याचं परवावर. पुऱ्या गोष्टीचं भाकरीसारखं असतं, खाल्ली की झालं. ही दह्यासारखी लागली. कालचं विरजण असल्याशिवाय आजचं लागतच नव्हतं. ज्यांची टोळी आदल्या दिवशी नव्हती ते इतरांच्या मागे लागायचे, मागचं सांगा म्हणून. उसाच्या फडात बाया तोडता तोडता एकमेकींना भाग सांगायच्या, आणि सांगताना आपापल्या पदरचं घालायच्या ते वेगळंच. एका टोळीत तर कप्तानाला दोन बायका झाल्या होत्या.

आणि मग नंबर सोडायचं खूळ निघालं. गाडीवानाला हाक यायची आणि तो म्हणायचा, त्याला जाऊ द्या, मी मागनं जातो. ज्या नंबरासाठी कार्तिकात डोकी फुटत होती, तोच नंबर माघात लोक भाकरीच्या तुकड्यासारखा शेजाऱ्याला देऊ लागले. काटा रिकामा राहिला म्हणून वरच्या साहेबांनी भाऊसाहेबांना दोनदा झाडलं. भाऊसाहेब चिडायचे. "नंबर सोडू नका रे, मी काय पळून चाललोय? गोष्ट उद्याही आहे." कुणी ऐकत नसे. सगळ्यांत जास्त नंबर सोडले ते कानिफनाथने.

फाल्गुन लागला. एक दिवस बनुबाई मोळीवरून खाली उतरली आणि थेट झाडाखाली येऊन उभी राहिली.

"भाऊसाहेब, त्या पोराला जितं करा की."

"जिवंत कसं करू, बनुबाई? मेलाय तो."

"तुमच्या तोंडात हाय ना समदं. एवढ्या युक्त्या करत्यात ती मान्सं, येक औषिद घावंना व्हय त्यांना?"

लोकांनी लगेच री ओढली. करा करा, भाऊसाहेब. भाऊसाहेबांचं मनही डळमळलं. मुलुंडच्या त्या यंत्रात असं दोनदा झालेलं त्यांनी स्वतः पाहिलं होतं, मेलेला माणूस एका पेटीत घातला आणि बटण दाबलं की उठून बसला. सोपं होतं. एका वाक्याचं काम होतं, आणि बनुबाईच्या डोळ्यांत पाणी होतं. ते तोंड उघडणार, तोच मागून कानिफनाथ म्हणाला, "नगं."

एवढंच बोलला. बनुबाईने पदर तोंडाला लावला आणि ती गाडीकडे निघून गेली.

त्या दिवशी कानिफनाथने नंबर सोडला तो गोष्टीसाठी नव्हे. गर्दी पांगल्यावर त्याने भाऊसाहेबांना गाडीशी नेलं, साटीला बांधलेलं गोणपाट सोडलं. आत एक कोयता होता. चांगला, पण धार उलट्या अंगाने लावलेली.

"डावखुरा हुता," कानिफनाथ म्हणाला. "पुंजाराम. आमच्या गावचा न्हवं, मानिकदौंडीच्या पल्याडच्या डोंगरातला. गेल्या साली येकटाच आला. नवरा-बायकूचा येक कोयता धरत्यात, येकट्याचा अर्धा. अर्ध्याला टोळीत कोन घेतो? मी घेतला. हिनं भाकरी घातली त्याला. डाव्या हातानं तोडायचा म्हून त्याच्या शेजारी कुनी हुभं ऱ्हात नव्हतं, मी ऱ्हायचो."

"मग?"

"पौषात फडात पान लागलं." साप चावला असं ऊसतोडे म्हणत नाहीत. "दवाखान्याच्या वाटंवरच गेला. नदीवर नेला. दुसऱ्या दिशी टोळी नव्या फडात. तिसऱ्या दिशी आनिक नव्या. मुकादम म्हनला, चिठ्ठी धाडतो त्याच्या घरी. धाडली का, पोचली का, कुनाला ठावं. मी म्हनलं, सुटी झाली की जाईन. वैशाखात म्हनलं, पेरनी झाली की. मंग दसरा आला आन् पुन्हा गाडी जुपली. आई येकटी हाय त्याची, झुंबरबाई. जायचं म्हनलं की पाय धरत्यात. काय म्हनून हुभं ऱ्हावं तिच्या म्होरं?"

आपण चार महिने गंमत म्हणून जे हाकतोय, ते हा माणूस कशासाठी ऐकतोय, हे भाऊसाहेबांना तेव्हा कळलं. कप्तान त्या आईच्या दारात जाऊन काय बोलणार, एवढं एकच त्याला हवं होतं. ते शब्द मिळाले असते तर तो ते घेऊन डोंगर चढला असता. घरी जाऊन त्यांनी शोभाला सगळं सांगितलं. शोभा म्हणाली, "मग चांगलं बोला. उगीच शब्दांची आतषबाजी नको."

बोलायला सोपं. पुढचे पंधरा दिवस भाऊसाहेब यानाला उगीच इकडेतिकडे फिरवत राहिले. कधी वादळ, कधी धूमकेतू. खरं सांगायचं तर ते घाबरले होते. पण कारखान्याला काही गोष्टीची पर्वा नसते. पाडवा झाला, ऊस संपत आला, आणि एक दिवस फळ्यावर लागलं की उद्या पट्टा पडणार, म्हणजे गाळप संपणार, हंगाम संपला.

शेवटच्या दिवशी यार्डात जेमतेम चाळीस गाड्या. शेवटच्या गाडीला गुलाल लावायचा, झेंडे बांधायचे, वाजवत काट्यावर न्यायची अशी रीत. प्रत्येक गाडीवानाला तो मान हवा असतो. त्या दिवशी कानिफनाथ नंबर सोडत सोडत आपोआप शेवटचा झाला. लोकांनी त्याच्या बैलांच्या शिंगांना झेंडूच्या माळा बांधल्या. तो तिकडे बघतही नव्हता.

भाऊसाहेबांनी गोष्ट सुरू केली. यान उतरलं. गाव लहान, दारापुढे तुळस. कप्तान धाकट्याचं सामान घेऊन चालत निघाला. दाराशी आला. कडी वाजवली. आतून आईने विचारलं, कोण आहे?

आणि भाऊसाहेब थांबले.

"म्होरं?" कानिफनाथ म्हणाला.

रात्रभर जुळवलेली चार वाक्यं होती भाऊसाहेबांकडे, चांगली होती. ती त्यांना तिथे, त्या माणसाच्या तोंडावर, सांगवेनात.

"पुढचं मला येत नाही, कानिफबाबा," ते म्हणाले. "खोटं सांगता येईल, पण तुम्हाला नाही सांगणार. तुम्ही तिथे जाऊन आल्याशिवाय ही गोष्ट काही पुरी व्हायची नाही."

लोक चुळबुळले. चार महिने ऐकून हे असं? कानिफनाथ बराच वेळ बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिला.

"येकट्यानं न्हाई जमायचं," तो म्हणाला. "तुमी येता?"

भाऊसाहेबांनी वहीत पाहिलं आणि हंगामातला शेवटचा नंबर पुकारला. वाजंत्री सुरू झाली. गाडी काट्याकडे निघाली तेव्हा ते गाडीच्या बाजूने चालत होते, आणि गुलाल त्यांच्याही धोतरावर उडाला.

दोन दिवसांनी बनुबाई आपल्या भावाबरोबर गाडी घेऊन गावाकडे निघाली, आणि हे दोघे एस.टी.ने नगर, नगरहून पाथर्डी, पाथर्डीहून डोंगराकडच्या गाडीने फाट्यावर उतरले. कंडक्टरने सांगून ठेवलं, परतीची गाडी चारला, ती चुकली तर मग उद्याच. चैत्राचं ऊन. कानिफनाथने गोणपाट खांद्यावर घेतलं होतं. वाटेत तो तीनदा बसला. थकला म्हणून नव्हे. भाऊसाहेब प्रत्येक वेळी बाजूला बसून राहिले, चला असं एकदाही म्हणाले नाहीत.

वस्ती म्हणजे पाच घरं. झुंबरबाई दारात सूप घेऊन हुलगे पाखडत होती. साठीची असेल, काटक, डोळे बारीक करून बघणारी. परकी माणसं पाहून तिने सूप खाली ठेवलं, आतून तांब्या आणून पुढे केला. दोघे पाणी प्यायले. कानिफनाथने गोणपाट जमिनीवर ठेवलं. ते तिनेच सोडलं.

कोयता तिने हातात घेतला. उलट्या धारेवरून अंगठा फिरवला. कानिफनाथ रिकाम्या गोणपाटाची घडी घालत राहिला. भाऊसाहेबांना वाटलं, आता आपणच बोलावं. ते म्हणाले, "बाई, आम्ही कारखान्यावरून..."

तिने हात वर करून त्यांना थांबवलं.

"शेवट ठावा हाय मला," ती म्हणाली. "दोन पाडवे गेले, येक दिवाळी गेली. लेक आला न्हाई, त्याचा सांगावा न्हाई. आईला कळत न्हाई व्हय?" मग ती कानिफनाथकडे वळली. "शेवट नगं सांगू, बाबा. तू त्याच्या संगं हुतास ना? मधलं सांग. हितनं गेला त्या दिसापासनं सांग. काय खायाचा?"

कानिफनाथ खाली बसला. त्या माणसाला चार महिने यार्डात कुणी खाली बसलेलं पाहिलं नव्हतं.

"भाकरी," तो म्हणाला. "आमच्या हिच्या हातच्या तीन भाकरी खायाचा, आन् वर इचारायचा, गुळाचा खडा हाय का?"

"लहानपनापासनं," झुंबरबाई म्हणाली, आणि मग ती रडली. कानिफनाथही रडला, सव्वा वर्षाचं साठलेलं. भाऊसाहेबांनी चष्मा काढून धोतराला पुसला. थोड्या वेळाने तिने पदराने तोंड पुसलं, सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पाखडता पाखडता म्हणाली, मंग? आणि कानिफनाथ सांगू लागला. पहिल्या दिवशी टोळीत त्याला कुणी घेईना ते. त्याच्या डाव्या हाताला सगळे हसले ते. बैलांची नावं त्याने कशी बदलली आणि बैल त्या नव्या नावांनी हाकेला कसे येऊ लागले ते. एवढं बोलताना त्या माणसाला कुणी कधी ऐकलं नसेल. दिवसामागून दिवस सांगत होता, एकही न गाळता, आणि त्याच्या सांगण्यात अजून मार्गशीर्षसुद्धा उजाडला नव्हता.

खाली फाट्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला. एकदा, मग थोडं थांबून पुन्हा. भाऊसाहेबांनी तो ऐकला. शोभाला उद्या सकाळी घरी येतो म्हणून सांगितलं होतं. उभा हंगाम ज्यांनी नंबर सोडू नका रे म्हणून घसा कोरडा केला, त्या भाऊसाहेबांनी हातातली पिशवी भिंतीशी सारली, आणि ते मांडी घालून नीट बसले.

"मंग?" झुंबरबाई म्हणाली.